घराने मिळून पूर्वापार पद्धतीच्या सकस आहाराकडे कसे वळावे

पूर्वापार पद्धतीने खायचे असे ठरले की बहुतेक घरांत पहिला दिवस फडताळ रिकामे करण्यात जातो. आमच्या घरीही तेच झाले होते. एका रविवारी बिस्किटे, साखर लावलेली न्याहारीची धान्ये, सरबतांच्या बाटल्या आणि झटपट पदार्थांची पाकिटे आम्ही मोठ्या पिशवीत भरून घराबाहेर काढली. त्या जागी काय येणार याचा विचार मात्र सोमवारी सकाळी, मुलांची शाळेची वेळ झाल्यावर सुरू केला. तिसऱ्या आठवड्यात धाकटीच्या पाठ्यपुस्तकांमागे बिस्किटांचा पुडा सापडला. तो तिने साठवलेल्या खाऊच्या पैशांतून आणला होता, आणि त्याचे तोंड केसांच्या रबराने इतके नीट बांधून ठेवले होते की तिच्यावर रागावण्याऐवजी आम्हीच ओशाळलो. पहिला प्रयोग तिथेच संपला. सहा महिन्यांनी केलेला दुसरा प्रयत्न टिकला, आणि पुढील मार्गदर्शन मुख्यतः त्यावर बेतलेले आहे.

पूर्वज नेमके काय खात होते

या प्रश्नाचा थोडा विचार आधीच केलेला बरा, कारण घरातील निम्मे वाद त्यावरूनच होतात. बॉयड ईटन आणि मेल्विन कॉनर या अमेरिकी संशोधकांनी १९८५ साली एका वैद्यकीय नियतकालिकात अश्मयुगीन आहाराविषयी लेख लिहिला आणि तेव्हापासून आपले शरीर शिकार व कंदमुळांवर घडले असल्याने धान्य, कडधान्ये आणि दूध पूर्ण वर्ज्य करावे, असे सांगणारा एक पंथच हळूहळू तयार झाला. ही मांडणी ऐकायला सोपी आहे, परंतु पुरावे तितके सरळ नाहीत. इस्राएलमधील गॅलिली सरोवराच्या काठी ओहालो या ठिकाणी सुमारे २३,००० वर्षांपूर्वीच्या वस्तीत रानटी गहू आणि जव यांचे दाणे सापडले आहेत, तसेच दाणे भरडण्याचा दगडही सापडला आहे. जॉर्डनमध्ये सुमारे १४,००० वर्षांपूर्वीच्या चुलीत भाजलेल्या भाकरीसारख्या पदार्थाचे जळके तुकडे मिळाले, आणि तेव्हा शेती सुरू व्हायला आणखी काही हजार वर्षे अवकाश होता.

अलीकडच्या काळातही पारंपरिक पद्धतीने जगणाऱ्या समाजांचे ताट एकसारखे नाही. उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांचा जुना आहार जवळजवळ पूर्णपणे मासे आणि सागरी प्राण्यांवर चालत असे, टांझानियातील हादझा लोक कंद, फळे, शिकार आणि भरपूर मध यांवर जगतात, आणि बोलिव्हियातील चिमाने लोकांच्या उष्मांकांपैकी बहुतांश भाग पिष्टमय पदार्थांतून येत असूनही त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आश्चर्यकारकरीत्या स्वच्छ असल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. तेव्हा 'पूर्वजांचा आहार' या नावाने कोणी एकच यादी हातात देत असेल, तर ती यादी त्या माणसाच्या आवडीची आहे असे खुशाल समजावे.

या सर्वांत समान काय आहे हे पाहिले की काम सोपे होते. अन्न त्याच्या मूळ रूपाच्या जवळ असते, ते घरातील माणसांच्या हातून जाते, आणि त्यावर काही ठरावीक संस्कार होतात: भिजवणे, मोड आणणे, आंबवणे, भाजणे, सालासकट दळणे, मंद आचेवर शिजवणे. हे संस्कार दुर्लक्षित झाले की काय होते याची दोन उदाहरणे इतिहासात फार स्पष्ट आहेत. मका मूळचा मध्य अमेरिकेतला. तिथले लोक तो चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवून मगच वाटत. युरोपीय लोकांनी दाणे नेले, पण ही पद्धत नेली नाही, आणि जिथे जिथे गरीब माणसे केवळ मक्यावर जगू लागली तिथे पेलाग्रा हा रोग पसरला, कारण मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व चुन्याच्या प्रक्रियेशिवाय शरीराला फारसे मिळत नाही. दुसरे उदाहरण तांदळाचे आहे. १८९०च्या दशकात जावा बेटावर क्रिस्तियान आइकमन या डच वैद्यकाने पाहिले की पॉलिश केलेल्या तांदळावर वाढणाऱ्या कोंबड्यांना बेरीबेरी या जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगासारखी लक्षणे होतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. या कामासाठी त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. दोन्ही ठिकाणी धान्य निर्दोष होते आणि चूक त्यावरच्या प्रक्रियेत होती. म्हणूनच आमच्या घरी वर्ज्य पदार्थांची यादी आम्ही बाजूला ठेवली आणि संस्कारांची यादी फ्रिजवर चिकटवली.

पहिले दोन आठवडे: काहीही बदलू नये

या काळात फक्त नोंद ठेवावी. घरात कोणते पाकीट, किती वाजता, कोणी आणि कोणत्या कारणाने उघडले, एवढेच एका वहीत लिहावे. कोणाचे किती खाणे झाले हे लिहू नये. मुलांसमोर वजन, उष्मांक किंवा जाडी हे विषय काढूच नयेत, कारण घरातील आहारबदल पाहता पाहता मुलांच्या मनात खाण्याची भीती बनू शकतो. आमच्या वहीत दोन आठवड्यांनंतर एक गोष्ट उघड झाली: पाकिटे भुकेमुळे उघडत नव्हती, ती घाईमुळे उघडत होती. सकाळची न्याहारी, शाळेचा डबा, संध्याकाळी पाचच्या सुमाराची भूक आणि दोघेही थकून आलो की रात्रीचे जेवण, या चार वेळा सोडल्या तर आमचे खाणे पूर्वीपासूनच बरे होते. प्रत्येक घराच्या वेळा वेगळ्या असतील, पण त्या माहीत नसताना सुरुवात करणे म्हणजे अंधारात तीर मारणे आहे.

याच काळात मुलांना वेष्टनावरची घटकांची यादी वाचायला शिकवावे. यादीतील घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, हा एक नियम कळला की दहा वर्षांचे मूलही पुष्कळ काही ओळखू शकते. साखर एकाच पाकिटात ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज अशा तीन-चार नावांनी विभागून आली की ती यादीत खाली सरकते, हे आमच्या थोरल्याने स्वतः शोधून काढले आणि त्यानंतर कित्येक दिवस तो दुकानात गुप्तहेरासारखा वावरत होता.

कोणते पाकीट ठेवावे आणि कोणते नाही, यासाठी ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठात कार्लोस मोंतेरो यांच्या गटाने मांडलेले नोव्हा हे वर्गीकरण उपयोगी पडते. त्यात अन्नाचे चार गट आहेत: मूळ स्वरूपातील किंवा अगदी थोडी प्रक्रिया केलेले अन्न, तेल, मीठ, साखर यांसारखे स्वयंपाकाचे घटक, या दोहोंपासून केलेले चीज, लोणचे, साधा पाव, डब्यातील मासे असे पदार्थ, आणि चौथा गट अतिप्रक्रियित पदार्थांचा, ज्यांत कोणाच्याही स्वयंपाकघरात नसणारे घटक, म्हणजे माल्टोडेक्स्ट्रिन, हायड्रोजनीकृत तेल, इमल्सिफायर, कृत्रिम स्वाद आणि रंग आढळतात. आपला रोख केवळ चौथ्या गटावर असावा. पाकिटात आले म्हणून वाईट असे मानले की गोठवलेले मटार, साधे दही आणि दळलेले पीठही संशयाच्या फेऱ्यात येते आणि घरातील माणसे वैतागतात.

चौथ्या गटावरच रोख का, हे घरातील शंकेखोरांना सांगण्यासाठी २०१९ सालचा एक प्रयोग सांगता येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांच्या गटाने २० प्रौढांना दोन आठवडे अतिप्रक्रियित आणि दोन आठवडे साधे अन्न, हवे तितके खाण्याची मुभा देऊन दिले. दोन्ही ताटांत समोर ठेवलेली साखर, स्निग्धांश, तंतुमय भाग आणि मीठ यांचे प्रमाण जुळवलेले होते. तरीही अतिप्रक्रियित अन्नावर असताना माणसांनी दररोज सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खाल्ल्या आणि त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले. साध्या अन्नावर ते जवळपास तितकेच उतरले. प्रयोग लहान आणि थोड्या दिवसांचा होता, हेही त्यांना सांगावे.

सुरुवात एका वेळेपासून

सर्व जेवणे एकदम बदलू नयेत. एक वेळ निवडावी आणि ती अंगवळणी पडेपर्यंत दुसरीला हात लावू नये. आमचे मत न्याहारीपासून सुरुवात करावी असे आहे, कारण त्या वेळी पाकिटे सर्वांत जास्त असतात, पाहुणे नसतात आणि पर्याय सोपे असतात. अंडी, साधे दही आणि फळ, रात्री भिजवलेले सुके मेवे, सालासकट धान्याची लापशी, किंवा आदल्या रात्रीची उरलेली भाजी गरम करून, यांपैकी जे घरात आवडेल ते तीन-चार प्रकारांत फिरते ठेवावे. दररोज नवा पदार्थ करण्याच्या फंदात पडू नये. पूर्वीच्या घरांत सकाळी रोज वेगळे असे काही नसे आणि त्याचे कोणाला वाईटही वाटत नसे.

लापशीत पूर्वी दोन चमचे साखर घालत असाल तर ती एकदम बंद करण्यापेक्षा दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करावी. जीभ हळूहळू सरावते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातील साखर मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि ५ टक्क्यांखाली आली तर अधिक चांगले. प्रौढ माणसासाठी हे दुसरे प्रमाण साधारण २५ ग्रॅम, म्हणजे सहा छोटे चमचे इतके होते. साखरेऐवजी मध किंवा गूळ वापरला की प्रश्न सुटला असे समजणारी बरीच घरे आहेत. या हिशेबात त्यांची गणना साखरेतच होते.

न्याहारी बसली की संध्याकाळची भूक हाती घ्यावी. शाळेतून आलेले मूल पाच मिनिटे थांबू शकत नाही आणि त्याने थांबावे अशी अपेक्षाही करू नये. त्याच्या उंचीवर, फडताळाच्या खालच्या कप्प्यात किंवा फ्रिजच्या खालच्या फळीवर, विचारल्याशिवाय घेता येईल असे अन्न ठेवावे: उकडलेली अंडी, धुऊन चिरलेली फळे, भाजलेले दाणे, उकडलेला कंद, दही. आमच्या घरात सर्वांत मोठा बदल कोणत्या पाककृतीने झाला नाही, तो या खालच्या कप्प्याने झाला. लहान मुले असतील तर अख्खे दाणे घशात अडकण्याचा धोका असतो, म्हणून पाच वर्षांखालील मुलांना ते कुटून किंवा वाटून द्यावेत.

रात्रीची पाच मिनिटे

पूर्वापार स्वयंपाकाला फार वेळ लागतो अशी तक्रार नेहमी ऐकू येते आणि ती अर्धीच खरी आहे. वेळ पदार्थाला लागतो. माणसाला फक्त आठवण ठेवावी लागते. रात्री भांडी आवरताना उद्याचे धान्य किंवा कडधान्य पाण्यात टाकणे, दुधाला विरजण लावणे, मोड आलेले दाणे एकदा धुऊन पुन्हा बांधणे, ही पाच मिनिटांची कामे आहेत. ती कोणाची आहेत हे मात्र ठरलेले असावे, नाही तर ती घरातील एकाच बाईच्या अंगावर पडतात आणि ज्या दिवशी ती थकते त्या दिवशी सगळा बेत बारगळतो. आमच्याकडे भिजवण्याचे काम थोरल्याकडे आहे, आणि तो विसरला तर दुसऱ्या दिवशी मसूर शिजते, कारण ती भिजवावी लागत नाही.

भिजवण्याचा आणि मोड आणण्याचा उपयोग चवीपुरता नाही. धान्य आणि कडधान्ये यांत फायटिक आम्ल असते. ते लोह आणि जस्त यांना धरून ठेवते. भिजवल्याने, मोड आल्याने आणि विशेषतः आंबवल्याने ते कमी होते. कडधान्ये रात्रभर, आठ ते बारा तास भिजवावीत, पाणी फेकून द्यावे, दाणे ओल्या फडक्यात बांधून दिवसातून दोनदा धुवावेत. एक-दोन दिवसांत मोड येतात. मोड येण्याची ऊब जंतूंनाही मानवते, म्हणून लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांना मोड शिजवूनच द्यावेत.

राजम्याबाबत येथे थांबून सांगणे आवश्यक आहे. लाल राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे विषारी प्रथिन असते आणि मूठभरही कच्च्या दाण्यांनी काही तासांत जोराच्या उलट्या होऊ शकतात. तो किमान पाच तास भिजवावा, पाणी टाकून द्यावे, ताज्या पाण्यात खळखळून उकळवावा आणि मऊ होईपर्यंत शिजवावा. ही उकळी दहा मिनिटांच्या खाली कधीही असू नये. अर्धा तास असल्यास अधिक सुरक्षित. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात राजमा थेट टाकून दिवसभर ठेवण्याची जी सोय सांगितली जाते ती धोक्याची आहे, कारण तिथे तापमान पुरेसे चढत नाही आणि अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही अधिक बाधतो.

दह्यासाठी दूध उकळून बोट सहज बुडवता येईल इतपत, म्हणजे ४० ते ४५ अंश सेल्सियसपर्यंत, निवू द्यावे, चमचाभर विरजण मिसळावे आणि सहा ते आठ तास उबेला ठेवावे. परंपरेच्या नावाखाली न तापवलेले दूध पिण्याचा आग्रह काही मंडळी धरतात. त्यातून ब्रुसेलोसिस, लिस्टेरिया यांसारखे संसर्ग होतात आणि मुलांना तसे दूध देण्याचे धाडस कोणी करू नये.

आंबवलेल्या भाज्यांपैकी कोबी सर्वांत सोपा आणि मुलांना सर्वांत आवडणारा, निदान करताना तरी. एक किलो कोबी बारीक चिरून परातीत घ्यावा आणि २० ग्रॅम मीठ वजन करून घालावे. येथे अंदाज चालत नाही, कारण मीठ कमी पडले तर नको ते जंतू वाढतात. मग स्वच्छ हातांनी दहा मिनिटे चोळावे. पहिली तीन-चार मिनिटे काहीच घडत नाही आणि मुले कंटाळतात. मग बोटांना ओल लागते, चुरचुरणारा कोबी गप्प होतो, त्याचा पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक येते, आणि थोड्याच वेळात परात तिरकी केली की तळाशी पाण्याचा ओघळ दिसतो. हे पाणी कोबीचे स्वतःचेच आहे यावर धाकटीचा पहिल्यांदा विश्वास बसला नव्हता. तिला वाटले मी गुपचूप तांब्यातून ओतले. हा कोबी त्याच्या पाण्यासकट काचेच्या बरणीत गच्च दाबावा, पाने पाण्याखालीच राहतील असे वर स्वच्छ वजन ठेवावे, आणि वायू निघून जाण्यासाठी झाकण सैल लावावे. उष्ण हवेत चार-पाच दिवसांत आणि थंड हवेत दोन-तीन आठवड्यांत तो आंबट होतो, मग फ्रिजमध्ये ठेवावा. बरणीखाली ताटली ठेवायला विसरू नये. आमची पहिली बरणी रात्रीतून उतू जाऊन ओट्यावरून खणात झिरपली आणि चमच्यांना आठवडाभर तो वास येत होता. वर केसाळ, हिरवी किंवा काळी बुरशी दिसली तर वरचा थर काढून खाण्याचा मोह न धरता संपूर्ण बरणी टाकावी.

मांसाहार करणाऱ्या घरांत हाडांचे सूप हा या पंथाचा मानाचा पदार्थ आहे. उरलेली हाडे, कांदा, गाजर आणि पाणी चार-सहा तास मंद उकळून गाळले की सूप तयार होते, आणि चवीसाठी त्याला तोड नाही. त्यात भरपूर कॅल्शियम असते हा समज मात्र खरा नाही. कॅल्शियम हवे असेल तर दूध-दही, तीळ, हिरव्या पालेभाज्या किंवा काट्यांसकट खाल्ले जाणारे लहान मासे यांवर भर द्यावा. काळीज, म्हणजे यकृत, अत्यंत पोषक आहे, पण त्यात अ जीवनसत्त्व इतके असते की गरोदर स्त्रियांनी ते टाळावे, आणि इतरांनीही आठवड्यातून एकदा, थोडेच खावे.

घरातील माणसे

स्वयंपाकापेक्षा हा भाग अवघड आहे. मुलांच्या बाबतीत एक विभागणी आम्हाला फार उपयोगी पडली: काय, कधी आणि कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे, त्यातले किती खायचे, किंवा खायचेच नाही, हे मुलाने ठरवावे. ताटात ओळखीचा एक तरी पदार्थ असावा आणि त्याच्या शेजारी नव्याचा एक घास असावा. न खाल्ल्यास बोलणी नाहीत आणि खाल्ल्यास बक्षीसही नाही. नवी चव मुलाने स्वीकारण्यापूर्वी ती आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर यावी लागते, आणि बहुतेक आईवडील तिसऱ्या-चौथ्या वेळीच 'याला आवडत नाही' असा शिक्का मारून मोकळे होतात. 'भाजी संपवलीस तर गोड मिळेल' हे वाक्य तर कायमचे सोडावे. त्यातून मुलाला एवढेच कळते की भाजी ही शिक्षा आहे.

आजी-आजोबांना या बेतात विरोधक समजू नये. नातवंडांसाठी खाऊ आणणे हे त्यांचे प्रेम आहे, आणि 'हे आमच्या घरात चालत नाही' असे तोंडावर सांगितले की अपमान पदार्थाचा होत नाही, माणसाचा होतो. आमच्या सासूबाई दर भेटीला चकचकीत पाकिटे आणत असत. मी त्यांना एकदा एवढेच विचारले की त्यांच्या लहानपणी मधल्या वेळी काय खायला मिळे. तासभर त्या सांगत राहिल्या, आणि पुढच्या भेटीत डब्यात भाजलेले दाणे घेऊन आल्या. प्रत्येक घरी इतके सहज जमेल असे नाही. जमले नाही तर आजीच्या घरी आजीचे नियम चालू द्यावेत. आठवड्यातील एका दुपारीने काही बिघडत नाही.

जोडीदारांपैकी एकाचा उत्साह दांडगा आणि दुसऱ्याचा यथातथा, हे चित्र तर घरोघरी असते. अशा वेळी सामायिक जेवण साधे आणि मूळ स्वरूपाचे असावे, आणि उरलेल्या वेळी प्रौढ माणसाने काय खावे याची चौकशी दुसऱ्या प्रौढाने करू नये.

जिथे सावध राहावे

तंतुमय अन्न अचानक वाढवले की पोटात वायू धरतो आणि घरात दोष नव्या आहाराला जातो. म्हणून कडधान्ये आणि कोंड्याचे प्रमाण तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवावे आणि पाणीही वाढवावे. जेवणासोबत लिंबू, फळ किंवा कच्ची भाजी ठेवली की त्यातील क जीवनसत्त्वामुळे वनस्पतिजन्य लोह अधिक शोषले जाते, तर जेवणाबरोबरचा चहा नेमके उलटे करतो. तो तासभर पुढे ढकलावा.

पूर्वजांचे म्हणून खनिज मीठ आणताना आयोडीनयुक्त मीठ घरातून हद्दपार करू नये. आयोडीनची कमतरता गर्भाच्या आणि बालकाच्या मेंदूच्या वाढीला बाधते, आणि समुद्री अन्न न खाणाऱ्या घरात मीठ हाच त्याचा मुख्य आधार असू शकतो. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीत भरवशाने मिळत नाही, त्यामुळे दूध-अंडीही न खाणाऱ्यांनी ते गोळीवाटे घ्यावेच. एक वर्षाखालील बाळाला मधाचे बोटही चाटवू नये, कारण त्यातील बीजाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. शिजलेले अन्न, विशेषतः भात, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावा. घरचे ताजे म्हणून ते बाहेर अधिक टिकते असे नाही. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या माणसाने जेवणातील पिष्ट एकदम कमी केले तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, तेव्हा त्यांच्या बाबतीत ताटाआधी डॉक्टरांशी बोलणे व्हावे. वाढत्या मुलांच्या आहारातून दूध किंवा धान्य हे संपूर्ण गट वैद्यकीय कारणाशिवाय काढू नयेत.

खर्च आणि घराबाहेरचे खाणे

खर्चाचे सूत्र असे आहे की पैसा धान्य, कडधान्ये, अंडी, हंगामी भाज्या आणि कंद यांवर लावावा आणि दुर्मीळ बिया, परदेशी तेले, आकर्षक बरण्यांतील चूर्णे यांच्याकडे काणाडोळा करावा. 'प्राचीन' हा शब्द वेष्टनावर आला की किंमत वाढते. तो शब्द असलेल्या बिस्किटाच्या घटकांची यादी उलटून पाहिली तर ते बहुधा चौथ्या गटातच सापडते. आठवड्यातून एकदा दीड-दोन तास काढून एक मोठे पातेले कडधान्य शिजवावे, दोन-तीन भाज्या धुऊन-चिरून ठेवाव्यात आणि एक चटणी वाटावी; थकून आलेल्या रात्री या तयारीतून वीस मिनिटांत जेवण उभे राहते.

वाढदिवस, लग्नकार्ये आणि सहली यांत मुलांना मोकळे सोडावे. निघण्यापूर्वी घरी पोटभर खाऊ घालावे, मग तिथे जे मिळेल ते त्यांनी खावे, आणि परत आल्यावर काय खाल्ले याची उलटतपासणी करू नये. प्रवासात मात्र उकडलेली अंडी, फळे, दाणे आणि कोरडा डबा सोबत ठेवावा, कारण भुकेले मूल आणि लांब रस्ता एकत्र आले की तत्त्वे पहिल्याच थांब्यावर उतरून जातात. धाकटीचा बिस्किटांचा पुडा आता उघडपणे फडताळात असतो. महिन्याला एक, तिच्या पसंतीचा, आणि तो कधी कधी महिना संपला तरी अर्धा शिल्लक असतो.